एंजिनाचे अतितापन (मोटारगाडी)

मोटारीच्या अंतर्ज्वलन एंजिनातील उष्णता शीतन व्यवस्थेला न आवरणे. बोलीत ‘गाडी गरम होणे’. इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग एंजिनाभोवती फिरणाऱ्या द्रवावाटे रेडिएटरकडे (तो द्रव थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीकडे) जातो. रेडिएटर हे नाव तसे फसवे आहे : तेथे उष्णता प्रारणापेक्षा संनयनानेच (वाहत्या हवेबरोबर) अधिक निघून जाते.

कार्ल बेंझ यांच्या सुरुवातीच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई, त्यामुळे ते वरचेवर भरावे लागे. मधुकोशी (मधाच्या पोळ्यासारख्या) रेडिएटरचे श्रेय जर्मन अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांना देतात. साल मात्र 1897, 1900 किंवा 1901 असे वेगवेगळे आढळते. 1897 च्या सुमाराचा त्यांचा रेडिएटर साध्या नळ्यांचा असल्याने 1900 हे साल अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षाअखेरीस तयार झालेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये 8,070 बारीक चौकोनी नळ्या होत्या व अवघे 9 लिटर पाणी पुरे. ही गाडी मार्च 1901 मध्ये फ्रान्समधील नीसच्या शर्यतींत गाजली, त्यावरून 1901 रूढ झाले असावे.

सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि हायवेवर उतरतो, तेव्हा दोष बहुधा पंख्यात, त्याच्या मोटारीत किंवा रिलेत (पंखा चालू करणाऱ्या विद्युत स्विचात) असतो. उलट वेगात वा घाटात काटा चढत असेल, तर रेडिएटर चोक झालेला असतो किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) पुरेसे पाणी फिरवत नसते. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात. म्हणून कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरतात. होज व जोडांतील गळती दुरुस्त केल्याविना नुसते पाणी भरत राहणे व्यर्थ होय.

रेडिएटरच्या टोपीकडे सहसा दुर्लक्ष होते. सुमारे 1 बार दाब धरणारी टोपी पाण्याचा उत्कलनबिंदू 120° से.च्या आसपास नेते; तिचे रबर गेले की निर्दोष एंजिनातही पाणी उकळते. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडचा मार्ग साधारण 82°–90° से.ला उघडणारा मेणाचा व्हॉल्व) बंद स्थितीत अडकला, तर तो बदलावा. आपल्याकडे अनेक मिस्त्री तो काढूनच टाकतात. पण काही एंजिनांत उपमार्ग बंद करण्याचे कामही त्याच्याकडेच असते. तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळूनच परत फिरतो. शिवाय एंजिन थंड राहून इंधन जास्त जळते.

काटा लाल पट्ट्यात गेल्यास एसी बंद करून, गाडी बाजूला घेऊन एंजिन बंद करावे. तापलेली टोपी उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते; ती निवल्यावरच फडक्याने धरून सावकाश फिरवावी. गाडी तशीच दामटल्यास हेड (एंजिनाचा वरचा भाग) वाकते व त्याखालची गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) जाते. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल पाणी मिसळून दुधाळ दिसणे ही त्याची एक खूण.