तांबडा ठिपका डोळा नव्हे, पडदा

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालाची आकृती शाळेत बहुतेकांनी काढलेली असते. अंडाकृती पेशी, पुढे दोन कशाभिका (पोहायचे चाबकासारखे धागे), आत पेल्यासारखं हरितलवक आणि कडेला एक तांबडा ठिपका. ठिपक्याला बाण काढून ‘नेत्रबिंदू’ लिहिलं की गुण मिळायचे आणि हे शैवाल त्या ठिपक्यानं बघतं, असा समज डोक्यात कायमचा बसायचा. खरं तर ठिपका बघत नाही. तो उजेडाला आडवा येतो, आणि सगळी गंमत त्या आडवं येण्यात आहे.

या पेशीला प्रकाशसंश्लेषणासाठी उजेड हवा, पण फार प्रखर उजेड झाला तर तिथून पळायलाही हवं. म्हणजे उजेड किती आहे एवढं कळून भागत नाही, तो कुठून येतोय हेही कळावं लागतं. आपल्या डोळ्यात त्यासाठी भिंग आहे आणि कोट्यवधी प्रकाशपेशी आहेत. इथे सगळा देहच जेमतेम १० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान.

मग ती करते काय, तर गिरकी घेते. डोळे मिटून दिव्याजवळ उभं राहा आणि स्वतःभोवती फिरा. पापण्यांआड उजेड-अंधार, उजेड-अंधार असं होत राहील. आता दिवा बरोबर डोक्यावर असेल तर? कितीही फिरलात तरी लुकलुक नाही. क्लॅमिडोमोनास नेमकं हेच वापरतं. कशाभिका सेकंदाला पन्नासेक वेळा वल्हवत ते पुढे जातं आणि जाताना स्वतःच्या अक्षाभोवती सेकंदाला साधारण दोनदा फिरतं. प्रकाश टिपणारी प्रथिनं असतात ठिपक्यावरच्या पेशीपटलात. ठिपका त्यांच्या मागे: गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांनी भरलेल्या मेदाच्या थेंबांचे थर. बाहेरून आलेला उजेड हे थर आरशासारखे परत प्रथिनांवर टाकतात आणि पेशीच्या आतून येणारा उजेड अडवतात. उजेड बाजूनं येत असेल तर प्रत्येक गिरकीला एक लुकलुक होते. पेशी वळत वळत दिव्याच्या रेषेत आली की लुकलुक थांबते, म्हणजे दिशा बरोबर.

वळते कशी? प्रकाश पडला की प्रथिनातून धनभारित आयन आत शिरतात, पटलावरचा विद्युतदाब बदलतो, कशाभिकांमधल्या कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. दोन्ही कशाभिका कॅल्शियमला सारख्या प्रतिसाद देत नाहीत. एकीचं वल्हं जोरात, दुसरीचं हलकं, की नाव वळलीच.

ठिपका पडदाच आहे याचा झकास पुरावा २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दिला. जनुकातल्या बदलामुळे ठिपका नसलेल्या पेशी आंधळ्या व्हायला हव्या होत्या. त्या उलट्या दिशेनं पोहल्या! पारदर्शक पेशी स्वतःच बहिर्गोल भिंगासारखी वागते आणि मागून आलेला उजेड प्रथिनांवर एकवटतो. पडदा नसला की हा मागचा उजेडच वरचढ ठरतो.

प्रकाश टिपणाऱ्या त्या प्रथिनाचं नाव चॅनलरोडॉप्सिन, ते २००२ मध्ये ओळखलं गेलं. त्यात रेटिनल असतं, अ जीवनसत्त्वाचंच भावंड, जे आपल्या दृष्टिपटलातही काम करतं. फरक असा की आपल्याकडे उजेड पडल्यावर निरोप दोन-तीन प्रथिनांच्या हातून जातो, मग वाहिनीवर परिणाम होतो. इथे टिपणारा आणि दार उघडणारा एकच. म्हणूनच हे जनुक चेतापेशीत घातलं की ती पेशी दिव्यानं चालू करता येते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दृष्टी गेलेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात अशाच एका शैवाल-प्रथिनाचं जनुक विषाणूमार्फत पोचवलं. खास गॉगल घातल्यावर त्याला टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या. चेहरे ओळखता येण्याइतकी दृष्टी मात्र परतली नाही, बातम्यांचे मथळे काहीही म्हणोत. आणि शैवालाच्या गोळ्या ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये: गिळलेलं चॅनलरोडॉप्सिन पोटात डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं.