कच्छी नाण्यावर ‘१९८५’? परत आणण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातून कच्छ संस्थानचा दोकडो, म्हणजे तांब्याचं सुटं नाणं, घरी नेऊन भिंगाखाली धरला, की फोन येतोच: “अहो, यावर १९८५ लिहिलंय! कच्छ तर १९४८ मध्येच भारतात विलीन झालं. खोटं नाणं गळ्यात मारलंत!”

नाणं खरं आहे. देवनागरी बाजूला, महारावांच्या म्हणजे कच्छच्या राजाच्या नावासोबत, असतो तो विक्रम संवत. आपले व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वह्या पूजतात तोच; फक्त कच्छमध्ये नवं वर्ष आषाढी बीजेला, म्हणजे आषाढ शुद्ध द्वितीयेला, लागतं. म्हणून आकड्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. १९८५ म्हणजे १९२८-२९. आपल्याला सवय शकाची, त्यामुळे काही जण ७८ मिळवून २०६३ वर पोचतात. त्यांना आम्ही आधी चहा देतो.

वजाबाकीचा कंटाळा असेल तर नाणं उलटं करा. फारसी बाजूला इंग्लंडच्या बादशहाचं नाव आणि इसवी सन असतो. संग्राहकाने खरं तर हीच बाजू आधी बघावी. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात पायउतार झाला; ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या नावाचं चलनी नाणं निघालंच नाही, कच्छने मात्र पाडलं. मध्ये आषाढी बीज आल्यामुळे त्याच्या कोऱ्यांवर, म्हणजे चांदीच्या नाण्यांवर, संवत १९९२ही मिळतो, १९९३ही. दुकानात आहेत, मागितल्यास दाखवू. ‘जय हिंद’वाली संवत २००४ ची नाणीसुद्धा १९४७ चीच, एकविसाव्या शतकातली नव्हेत.

सुट्ट्या पैशांचं कोष्टक: २ त्रांबिया म्हणजे १ दोकडो, दीड दोकड्याचा ढिंगलो, ३ दोकड्यांचा ढबू, आणि २४ दोकड्यांची चांदीची १ कोरी.

जुन्या बाजारात अशी तांब्याची नाणी आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात, हे मान्य. पण आमच्याकडे प्रत्येक नाणं वाचून, दोन्ही सालं पाकिटावर लिहूनच विकलं जातं. जास्तीचे पैसे त्या वाचण्याचे. तेव्हा पाकीट फेकू नका. शंका असेल तर पाकिटासकट या, समोर बसून वाचून दाखवू. साल नीट दिसावं म्हणून चिंचेने घासलेलं नाणं मात्र परत घेणार नाही. मजकूर पुसट असेल तर तिरप्या उजेडात धरा, साल दिसतं. तशी भिंगं काउंटरवर विकायला आहेत.