वाल्याचा वाल्मीकी झाला, पण मोजलं कोणी?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत चंबळचा विषय निघाला की विनोबा आणि जयप्रकाश ही नावं हमखास येतात. १९६० साली भिंड-मुरैना भागात बागींनी, म्हणजे तिथल्या दरोडेखोरांनी, विनोबांपुढे बंदुका ठेवल्या. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्याला माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्यासारख्या शेकडोंनी जयप्रकाशांसमोर तेच केलं. पुढे त्यांच्यासाठी मुंगावलीला खुली जेल निघाली. मग कोणीतरी म्हणतंच, "बघा, वाल्याचा वाल्मीकी होतो!" हल्लीच्या बातम्यांचा सूरही तोच असतो. अमुक जेलमध्ये ध्यानवर्ग सुरू झाला, कैद्यांचं हृदयपरिवर्तन झालं, सुटलेल्यांतले नव्वद टक्के परत आलेच नाहीत.

माझं भांडण ध्यानाशी नाही, त्या टक्क्यांशी आहे. वर्गाला न बसता सुटलेल्यांतले किती परतले? हा आकडा बातमीत नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

साडेसाती लागली म्हणून आपल्याकडचे लोक ऐंतीच्या शनिचराला जातात, जुने कपडे-चपला तिथेच टाकून येतात. पण जातात कधी? धंदा बसला, दुखणं आलं, सगळं एकदमच बिनसलं की. काही महिन्यांनी गाडं रुळावर येतं आणि श्रेय शनीला मिळतं. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या मोजणीत बहुधा मध्याकडे सरकलेली दिसते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात, त्याला तेल लागत नाही. कैदीसुद्धा जेलच्या दारात येतो तो बहुधा आयुष्याच्या सगळ्यात वाईट टप्प्यावर. त्यात वयाची भर पडते. गुन्ह्यांचा आलेख विशीच्या आसपास शिखरावर असतो आणि पुढे उतरत जातो, कोणी काही केलं नाही तरी. शिवाय वर्गाला नाव देतो कोण? ज्याला सुधारायचंच आहे तो. बागीही आपण होऊनच आले होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या की कैद्यांकडून रोज संध्याकाळी पाढे म्हणवून घेतले तरी कार्यक्रम यशस्वी दिसेल!

यावरचा उपाय अगदी साधा आहे. अर्जदार दोनशे आणि जागा शंभर असतील तर चिठ्ठ्या टाका: शंभर जण वर्गात, शंभर बाहेर. वय, गुन्हा, घरची परिस्थिती, सुधारण्याची इच्छा आणि आपल्याला सुचलेलंही नाही असं बाकी सगळं दोन्ही गटांत साधारण सारखं वाटलं जातं. सरासरीकडे दोघंही सारखेच परततात. मग योगायोगाची शक्यता वजा केली की गटांमध्ये जो फरक उरतो, तो कार्यक्रमाचा.

मुलं गुन्ह्यांकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत बोस्टनजवळ १९३९ साली ५०६ मुलांच्या जोड्या लावून नाणेफेक झाली. प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं, दुसऱ्याला काहीच नाही. तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांतले दोन-तृतीयांश म्हणत होते, फार फायदा झाला. नोंदी मात्र उलट बोलत होत्या: दारूचं व्यसन, पुन्हा गुन्हा, अकाली मृत्यू अशा बाबतींत मदत मिळालेलेच मागे होते. न्यू जर्सीच्या राहवे जेलमध्ये जन्मठेपेचे कैदी वांड पोरांना आरडाओरडा करून घाबरवत. तो प्रकार प्रचंड गाजला आणि ठिकठिकाणी उचलला गेला. अशा ९ प्रयोगांच्या आढाव्यात दिसलं की घाबरवलेली पोरं उलट जास्त गुन्हे करतात.

म्हणजे सगळंच फोल? तसंही नाही. "तो हसला म्हणजे त्याने माझा अपमानच केला" हा विचार हात उचलायच्या आधी पकडायचा आणि तपासायचा, खोटे प्रसंग वठवून त्याचा पुन्हा पुन्हा सराव करायचा, अशी एक पद्धत आहे. मानसशास्त्रात तिला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. लँडेनबर्गर आणि लिप्सी या संशोधकांनी २००५ मध्ये तिच्यावरचे ५८ अभ्यास एकत्र केले. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांवरून ३० वर आलं होतं. यात चमत्कार नाही, पण दर शंभरातले दहा जण म्हणजे दहा बळी वाचले, निदान तेवढे तरी.

आणखी एक गोष्ट अशाच अभ्यासांतून वारंवार दिसली आहे. असा उपचार सगळ्यात जास्त लागू पडतो तो पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ज्यांच्यात जास्त, त्यांना. कमी धोक्याच्या माणसाला अट्टल गुन्हेगारांबरोबर बसवलं तर तो बिघडूही शकतो. आपल्याकडे खुल्या जेलसाठी निवड होते ती चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांची. त्यामुळे तिथले आकडे सुरेख येणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.