‘एचपी’चं आजोळ: पडद्यावरून टेबलाकडे येणाऱ्यांची पार्श्वभूमी

मोबाइलवर गेममध्ये गुंगलेलं एखादं पोर ‘एचपी संपत आलाय रे, हील दे’ म्हणून ओरडतं, तेव्हा तो एचपी, म्हणजे पात्राचा जीव किती उरला हे मोजणारा ‘हिट पॉइंट’, आला कुठून हे त्याला ठाऊक नसतं. ज्या खेळानं तो शब्द घरोघरी नेला, त्यात पडदाच नव्हता. टेबल, कागद, पेन्सिल आणि फासे, एवढ्यावर तो खेळ चालायचा. व्हिडिओ गेम खेळून टेबलटॉप रोलप्लेइंगकडे, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत खेळायच्या खेळाकडे वळणारे नवखे खरं तर आजोळीच येत असतात, फक्त पहिल्या दिवशी ओळख पटत नाही.

तो खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली छपाई 1000 प्रतींची. दोघेही युद्धखेळांतले, म्हणजे टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या पलटणी लढवणारे. अर्नेसनच्या मिनेसोटातल्या कंपूत डेव्हिड वेझली यानं 1969 साली प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली होती. अर्नेसननं तीच कल्पना भुयारांत आणि राक्षसांत नेली. पण पलटणीतला एक सैनिक पडला तर बिघडत नाही. आपला एकुलता एक माणूस पहिल्याच घावात गेला तर खेळणार काय? अर्नेसनकडे नौदलाच्या युद्धखेळाचे नियम होते. जहाज एका गोळ्यानं बुडत नाही, हळूहळू खिळखिळं होतं. तोच हिशेब त्यानं माणसाला लावला, आणि हेच ते हिट पॉइंट.

संगणकवाल्यांना हा हिशेब फार आवडला. 1975 मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिकवण्यासाठीच्या संगणक यंत्रणेवर ‘पेडिट5’ नावाचा भुयारी खेळ आला. नाव असं रुक्ष का, तर तो अभ्यासाच्या कामासाठी दिलेल्या जागेत बसवला होता. सापडला की पुसला जायचा. पुढं 1981 मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले आणि लेव्हल, अनुभवाचे गुण, चोर-जादूगार-योद्धा ही सगळी मांडणी पडद्यावर पक्की झाली. मोजता येईल ते सगळं यंत्रानं उचललं, पण समोर बसलेला माणूस त्याला उचलता आला नाही. ‘कंदिलातलं तेल दोरखंडाच्या पुलावर ओतून पेटवलं तर?’ असं खेळाडूनं विचारलं की डन्जन मास्टर, म्हणजे डाव चालवणारा, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘टाक फासा.’ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं तेलाचा आणि पुलाचा विचार आधी केला नसेल, तर पडद्यावर हा प्रश्नच उठत नाही.

पडद्याकडून टेबलाकडे उलटी वाट कशी तयार होते, हे बघायचं तर माझ्या मते अमेरिकेपेक्षा जपान बघावा. तिथं क्रमच उलटा होता. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’वरून प्रेरणा घेऊन 1986 मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम आला आणि तिथल्या पोरांसाठी आरपीजी (रोलप्लेइंग गेम) म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची गोष्ट झाली. मग कागदावरच्या मूळ खेळालाच वेगळं नाव लागलं: ‘टेबलटॉक आरपीजी’. मोबाइल आल्यावर आपण घरच्या फोनला ‘लँडलाइन’ म्हणायला लागलो, तसंच हे.

त्याच वर्षी ‘कॉम्प्टिक’ या चक्क कॉम्प्युटर गेमच्या मासिकात ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ सुरू झालं. ही कादंबरी नव्हती. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा प्रत्यक्ष झालेला डाव नाटकाच्या संहितेसारखा छापलेला होता: कोण काय बोललं, फासा काय पडला, कोण हसलं. डन्जन मास्टर होता र्यो मिझुनो. त्यातली डीडलिट ही एल्फ, म्हणजे परीलोकातली, तरुणी पुढं जपानी फँटसीचा चेहराच झाली. टेबलावर तिची भूमिका करणारा होता हिरोशी यामामोटो हा पुरुष लेखक. बालगंधर्वांच्या मुलखात याचं कुणाला नवल वाटू नये. अशा छापील डावाला ‘रिप्ले’ म्हणतात, आणि त्यानं मोठं काम केलं. नियमांचं पुस्तक कितीही वाचलं तरी खेळ प्रत्यक्षात कसा चालतो ते कळत नाही, जसं शास्त्र वाचून मैफल कळत नाही. 1989 मध्ये ‘सोर्ड वर्ल्ड’ हा जपानी टेबलटॉक आरपीजी आला तोही खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकात, आणि घरातल्या साध्या सहा बाजूंच्या फाशांवर खेळता येईल असा.

अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर बेतलेले पडद्यावरचे ‘पूल ऑफ रेडियन्स’ (1988) आणि ‘बाल्डर्स गेट’ (1998) गाजले. पण दुसऱ्यांचा डाव घरबसल्या बघण्याचं वेड पसरायला 2015 उजाडलं. त्या वर्षी ‘क्रिटिकल रोल’ हा इंटरनेटवरचा कार्यक्रम सुरू झाला. खेळणारे सगळे आवाजाचे कलाकार, अनेक व्हिडिओ गेममधल्या पात्रांना आवाज देणारे. डन्जन मास्टर मॅथ्यू मर्सर. ओळखीचे आवाज ऐकायला आलेले प्रेक्षक फाशांपाशी रेंगाळले. ‘कॉम्प्टिक’नं कागदावर केलं तेच इथं कॅमेऱ्यानं केलं.

मग ऑगस्ट 2023 मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट 3’ आला. आधीच्या गेमनी फासे पोटात लपवले होते. यानं वीस बाजूंचा फासा पडद्याच्या मधोमध गडगडत आणला. त्यावर पोसलेला खेळाडू टेबलावर लगेच ओळखू येतो. कुलूप उघडताना वीस पडले की तो हात वर करतो, आणि मग त्याला सांगावं लागतं की टेबलावरच्या खेळाच्या 2014 च्या नियमांत वीस म्हणजे हमखास यश हे फक्त हल्ल्यापुरतं आहे. एक पडला की बोटं ‘एफ8’ शोधतात, जुना सेव्ह उघडायला; टेबलावर ते बटण नाही.

औषधाच्या बाटलीची गंमत मात्र वेगळी. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये ती ‘बोनस अ‍ॅक्शन’मध्ये, म्हणजे मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या जादा कृतीत, गटकावता येते आणि त्याच पाळीत तलवारही चालवता येते. 2014 च्या पुस्तकाप्रमाणे बाटली प्यायला तुमची मुख्य अ‍ॅक्शन खर्ची पडते. यावरून नवखा आणि डन्जन मास्टर हमखास हुज्जत घालायचे, तरी कित्येक टेबलांवर घरचा नियम म्हणून ही सवलत आधीपासून चालत होती. 2024 साली नवं ‘प्लेअर्स हँडबुक’ आलं, त्यात बाटली ‘बोनस अ‍ॅक्शन’मध्येच पिता येते.