ढेकळातून उगवलेलं बेट

सँटोरिनीचा फोटो न पाहिलेला माणूस आता मिळणं कठीण. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि खाली संथ समुद्र. लग्नाआधीचं फोटोशूट करायला आपल्याकडची जोडपीही तिथे जातात. ज्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर हे फोटो निघतात ते ज्वालामुखीच्या खड्ड्यात भरलेलं पाणी आहे, हे मात्र अनेकांच्या गावी नसतं. हा खड्डा सुमारे ११ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद आहे. कडे पाण्यावर तीनशे मीटर उभे आहेत आणि पाण्याखाली तळ आणखी साडेतीनशे मीटरहून खोल. घरं बांधली आहेत ती या खड्ड्याच्या काठावर.

हे बेट ग्रीसमध्ये, क्रीट या मोठ्या बेटाच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्याचं जुनं नाव थेरा. सँटोरिनी हे नाव मध्ययुगात लॅटिन राज्यकर्त्यांच्या काळात संत आयरीनच्या नावावरून पडलं. थेरा म्हटलं की समुद्रात बुडालेल्या अटलांटिस या दंतकथेतल्या राज्याची गोष्ट लगेच निघते. पण या बेटाची स्वतःची एक पुराणकथा आहे, आणि ती भूगर्भशास्त्राच्या कितीतरी जवळ जाते.

सोनेरी लोकर घेऊन परतणारे आर्गो जहाजावरचे वीर भरकटत लिबियात पोहोचतात. तिथल्या सरोवरापाशी ट्रायटन हा समुद्रदेव त्यांच्यातल्या युफेमसला भेट देतो, ती म्हणजे मातीचं एक ढेकूळ. कवी पिंडारच्या इ.स.पू. ४६२ मधल्या काव्यात नोकरांच्या हलगर्जीपणामुळे हे ढेकूळ समुद्रात वाहून जातं आणि थेरा बेटाला लागतं. दोनशे वर्षांनंतर कवी अपोलोनियस तीच कथा वेगळी सांगतो. युफेमसला स्वप्न पडतं, तो ढेकूळ मुद्दाम पाण्यात टाकतो आणि तिथून बेट वर येतं. त्याचं नाव कॅलिस्टे, म्हणजे अतिसुंदर.

पिंडारनं ही कथा ज्या राजासाठी गायली तो लिबियातल्या सायरीन या ग्रीक नगराचा राजा होता, आणि ते नगर थेराच्या लोकांनी वसवलेलं. लिबियाची माती देवानं पूर्वीच आमच्या पूर्वजाच्या हातात ठेवली होती, असा हा दावा. थोडक्यात, ते ढेकूळ म्हणजे जमिनीचा सातबाराच.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेली वसाहतीची हकीकत मात्र इतकी देखणी नाही. थेरावर सात वर्षं पाऊस पडला नाही. एक सोडून सगळी झाडं वाळली. डेल्फीच्या देवळातल्या देववाणीनं लिबियात वसाहत करायला सांगितलं. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली आणि दोन जहाजांतून रवाना केली. ती घाबरून परत आली तेव्हा गावकऱ्यांनी किनाऱ्यावरून मारा करून त्यांना उतरूच दिलं नाही. इ.स.पू. ६३० च्या सुमाराला हे लोक लिबियात स्थिरावले. त्यांचा म्होरक्या बॅटस तोतरा होता. तो देवाकडे गेला होता आपल्या वाचेबद्दल विचारायला, आणि मिळालं राज्य!

आता ढेकळाकडे परत येऊ. समुद्रातून बेट वर येणं ही इथे कविकल्पना नाही. इ.स.पू. १९७ मध्ये थेरा आणि शेजारचं थेरासिया यांच्यामधल्या पाण्यात असंच घडलं. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की चार दिवस समुद्रातून ज्वाळा निघत होत्या, पाणी उकळत होतं, आणि तरफेनं उचलल्यासारखं हळूहळू एक बेट वर आलं. घेर बारा स्टेडिया, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडा जास्त. त्या काळी समुद्रावर दबदबा असलेले ऱ्होड्सचे लोक तिथे पहिल्यांदा उतरले आणि त्यांनी समुद्र आणि भूकंपांचा देव पोसायडन याचं देऊळ बांधलं. त्याला दिलेलं विशेषण होतं ‘स्थैर्य देणारा’. जागा पाहता ही मागणी रास्तच म्हणायची.

याचं कारण समुद्रतळाखाली आहे. आफ्रिकेचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत एजियन समुद्राखाली घुसतो आहे. खाली जाणाऱ्या खडकांतून पाणी बाहेर पडतं आणि वरच्या तापलेल्या खडकात मिसळतं. त्यामुळे त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. वर येता येता त्यात सिलिका वाढते, तो दाट, चिकट होतो आणि आत विरघळलेले वायू अडकून बसतात. सह्याद्री ज्या लाव्हानं बनला तो बेसाल्टचा, पातळ, थरांवर थर पसरत जाणारा. थेराचा मॅग्मा तसा वाहत नाही. दाब सहन होईनासा झाला की फुटतो.

कांस्ययुगात, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, तो असा फुटला की गेल्या काही हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. अंदाजे ३० ते ६० घन किलोमीटर मॅग्मा बाहेर पडला. राखेचा स्तंभ तीस किलोमीटरहून उंच गेला. पुढे समुद्राचं पाणी तापलेल्या मुखात शिरलं आणि स्फोट अधिकच भडकले. खालची मॅग्माची कोठी रिकामी झाल्यावर वरचं छप्पर खचलं. बेटावर कुठे कुठे राखेचे आणि प्युमिसचे थर एकावर एक दहा माणसं उभी राहतील इतके जाड आहेत. प्युमिस म्हणजे टाच घासायला वापरतात तो पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी हाच माल इथून खणून नेत होते. तेव्हा थराखाली भिंती लागल्या.

खरं गाव सापडायला मात्र १९६७ उजाडलं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पायरिडॉन मारिनाटोस यांनी बेटावरच्या अक्रोटिरी इथे उत्खनन सुरू केलं आणि दोन-तीन मजली घरं, फरसबंद रस्ते, सांडपाण्याची गटारं बाहेर आली. लाकूड कुजून गेलं होतं, पण राखेत त्याच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतून खाटा आणि तिवया जशाच्या तशा मिळाल्या. काही खाटा घराबाहेर एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. म्हणजे आधी भूकंप झाला, लोक बाहेर पडले, परत येऊन राडारोडा उपसू लागले, चांगलं सामान बाजूला काढून ठेवलं. मग राखेचा पहिला पातळ थर पडला आणि सगळे निघून गेले. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन नगरात जागोजागी माणसं सापडली, इथे तसं झालं नाही. ती बोटींतून सुखरूप कुठे पोहोचली का, हे सांगणारा पुरावा नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मेजवळ या उद्रेकाच्या त्सुनामीच्या गाळात एका तरुणाचा आणि एका कुत्र्याचा सांगाडा मात्र मिळाला आहे.

भिंतींवरची चित्रं पाहून थक्क व्हायला होतं. केशराची फुलं खुडणाऱ्या मुली, दोन्ही हातांत माशांच्या माळा धरलेला कोळी, आणि खडकांवर उड्या मारणारी निळसर माकडं. ग्रीसमध्ये माकडं नव्हतीच. त्यामुळे ती इजिप्तमार्गे आलेली आफ्रिकी माकडं असावीत असं धरून चालत होते. मग प्राणिशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन झालेल्या अभ्यासात, शेपूट वर उचलण्याची ढब आणि शरीराची ठेवण पाहून, एका खोलीतली माकडं लंगूर असल्याचं मत मांडलं गेलं. म्हणजे आपल्याकडच्या देवळांच्या शिखरांवर बसणारी काळ्या तोंडाची वानरं! सगळ्यांना हे पटलेलं नाही. २०२० मध्येच दुसऱ्या संशोधकांनी ती आफ्रिकेतली व्हर्वेट माकडंच असल्याचं मांडलं. मला लंगुराची बाजू घ्यावीशी वाटते, पण त्यात थोडा स्वार्थ आहे हे उघड आहे. इतकं मात्र खरं की पूर्वेचा माल तेव्हा भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत होता. इस्राएलमधल्या मेगिडो इथल्या साधारण त्याच सुमाराच्या माणसांच्या दातांवरच्या किटणात हळदीचे अंश मिळाले आहेत.

हे सगळं घडलं कधी, यावर अजून भांडण आहे. मातीची भांडी आणि इजिप्तच्या राजांची कालगणना जुळवून पुरातत्त्वज्ञ इ.स.पू. १५०० च्या आसपासचा काळ सांगत. २००६ मध्ये प्युमिसात गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या फांदीचं, वय काढण्यासाठी केलेलं कार्बन-१४ मोजमाप प्रसिद्ध झालं आणि तारीख इ.स.पू. १६२७ ते १६०० वर गेली. ग्रीनलंडच्या बर्फात इ.स.पू. १६२८ च्या सुमाराचे ज्वालामुखीचे अंश होतेच, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटलं. पण ते अंश अलास्कातल्या अनिआकचाक या ज्वालामुखीचे निघाले. २०१८ मध्ये झाडांच्या एकेका वर्षाच्या कड्या मोजून कार्बनचं मोजमाप सुधारलं, तेव्हा इ.स.पू. सोळाव्या शतकाची शक्यता पुन्हा उघडली. ऑलिव्हची ती फांदी उद्रेकाआधीच वाळलेली असू शकते, हा आक्षेप आहेच.

आणि अटलांटिस? प्लेटोनं ते जिब्राल्टरच्या पलीकडे आणि आपल्या काळाच्या नऊ हजारांहून अधिक वर्षं आधी ठेवलं आहे. थेराशी जुळवायचं तर जागाही बदलावी लागते आणि काळही. क्रीटची मिनोअन संस्कृती या उद्रेकानं नष्ट झाली, ही मारिनाटोस यांची १९३९ मधली कल्पनाही टिकली नाही. क्रीटमध्ये थेराच्या राखेवर नव्यानं घरं बांधलेली आढळली.

ज्वालामुखीचं काम मात्र थांबलेलं नाही. इ.स. ७२६ मध्ये उडालेला प्युमिस आशिया मायनरपर्यंत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानपर्यंत, पोहोचला. बखरकार थिओफानिस सांगतो की बायझंटाईन सम्राट तिसऱ्या लिओनं तो देवाचा कोप मानला आणि धार्मिक चित्रांविरुद्ध मोहीम उघडली. १६५० मध्ये बेटाच्या ईशान्येला समुद्राखालचा कोलुंबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या विषारी वायूनं सुमारे ७० माणसं दगावली. १७०७ मध्ये खड्ड्याच्या मधोमध काहीतरी वर आलेलं दिसलं. लोकांना आधी ते फुटलेलं जहाज वाटलं. होडी घेऊन गेलेल्यांना खडकाला चिकटलेली कालवं मिळाली आणि ती गोळा करताना पायाखालचा खडक हलत होता. तेच आजचं नेआ कामेनी बेट. त्यावरचा शेवटचा उद्रेक १९५० चा.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थेरा आणि अमोर्गोस या बेटांच्या मध्ये हजारो छोटेमोठे भूकंप झाले आणि ११ हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले. नंतर नोंदी तपासल्यावर दिसलं की मॅग्मा ईशान्येकडे आडवा सरकत गेला होता आणि समुद्रतळाच्या काही किलोमीटर खाली येऊन अडला. उन्हाळ्यात पर्यटकांच्या बोटी पुन्हा लागल्या.