क्रॉसिंगचं गणित

गणपतीची जादा गाडी रात्री-अपरात्री एखाद्या आडस्टेशनावर थांबते. चढणारं कुणी नाही, उतरणारं कुणी नाही. डब्यातलं निदान ठरलेलं असतं, "क्रॉसिंग असेल." म्हणजे एकाच रुळावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला थांबलोय. निदान बहुधा बरोबर निघतं. पण दहा मिनिटांच्या क्रॉसिंगची चाळीस मिनिटं का होतात, आणि सुटलेली गाडी दोन स्टेशनांनंतर पुन्हा का उभी राहते, याचं उत्तर इंजिनाच्या ताकदीत शोधून मिळत नाही. दोन स्टेशनांमध्ये अंतर किती आणि त्या दिवशी रुळांवर गाड्या किती, या दोन आकड्यांवर सगळं अवलंबून असतं.

रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुला झाला. त्यातला रोहा ते वीर हा जवळपास ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मात्र जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीला एकच रूळ.

एकेरी मार्गावर लगतच्या दोन स्टेशनांमधला पट्टा म्हणजे एक ब्लॉक सेक्शन, आणि साध्या व्यवस्थेत त्यात एका वेळी एकच गाडी. स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडे 'लाइन क्लिअर', म्हणजे पट्ट्यात गाडी सोडायची परवानगी, मागतो. ती मिळाली की गाडी सोडणारा स्टार्टर सिग्नल पडतो आणि गाडी सुटते. ती पूर्णच्या पूर्ण पुढच्या स्टेशनात पोहोचेपर्यंत तो पट्टा बंद. समोरून येणारीला तर बंदच, मागून येणारीलाही.

आता क्रॉसिंग जवळून पाहू. पहिली गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यायची म्हणजे सांध्यावरून (जिथे रूळ बदलतो तिथून) वळवायची, आणि तिथे नेहमीच्या १:१२च्या सांध्यावर वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर. २२ एलएचबी (नव्या धाटणीचे, लांब) डबे आणि इंजिन मिळून गाडी साधारण ५५० मीटर. एवढी लांबी ३०च्या वेगाने एका खुणेवरून जायलाच ६६ सेकंद लागतात. ब्रेक लावताना गेलेला वेळ वेगळा. शेवटचा डबा फाउलिंग मार्कच्या आत आला, म्हणजे शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासणार नाही एवढा सरकला, याची खात्री व्हावी लागते. मग सांधे फिरतात, कुलूपबंद होतात आणि समोरच्या गाडीला सिग्नल मिळतो. लूपच्या टोकाला वाळूचा ढिगारा किंवा बंद रूळ असेल, तर दोन्ही गाड्या एकाच वेळी आत घेता येतात. कारण एखादी सिग्नल ओलांडून घसरलीच तरी ती दुसरीच्या वाटेत जात नाही. ही सोय नसेल तर दुसरीला स्टेशनात शिरण्याच्या होम सिग्नलबाहेर ताटकळावं लागतं. डब्यातल्या लोकांना 'स्टेशन समोर दिसतंय आणि गाडी आत घेत नाहीत' असं वाटतं, ते अशा वेळी.

एका पट्ट्यातून दिवसाला किती गाड्या जातील, हे काढायला भारतीय रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात. सर्वांत संथ गाडीला पट्टा ओलांडायला लागणारी मिनिटं आणि लाइन क्लिअर, सांधे, सिग्नल यांत जाणारी मिनिटं यांची बेरीज करायची. दिवसाच्या १,४४० मिनिटांना तिने भागायचं आणि उत्तराचे ७० टक्के धरायचे. समजा पट्टा १२.५ किलोमीटरचा आहे आणि मालगाडी ताशी ५०ने जाते. म्हणजे १५ मिनिटं, अधिक ५. १,४४० भागिले २० म्हणजे ७२, त्याचे ७० टक्के ५०. दोन्ही दिशांच्या मिळून ५० गाड्या.

आता सुधारणेचे दोन पर्याय घ्या. मालगाडीचा वेग ५०चा ६० केला तर गाड्या ५७ होतात. वेग तोच ठेवून पट्ट्याच्या मधोमध क्रॉसिंग स्टेशन बांधलं, तर प्रत्येक अर्ध्याला साडेसात अधिक पाच मिनिटं, आणि गाड्या होतात ८०. दुप्पट होत नाहीत, कारण सिग्नलची ती ५ मिनिटं अर्धी होत नाहीत. तरी वेगापेक्षा स्टेशन कितीतरी भारी पडतं. अट एकच, हे स्टेशन मार्गावरच्या सर्वांत वेळखाऊ पट्ट्यात हवं. आखूड पट्ट्यात बांधलेल्या देखण्या स्टेशनाने मार्गाची एकही गाडी वाढत नाही. (स्टेशन मागणाऱ्या निवेदनांत या पट्ट्याचा उल्लेख सहसा नसतो.)

खारेपाटण, अचिर्णे, कडवई ही स्टेशनं मूळ मार्गावर नंतर घातली गेली. त्यांचा आणखी एक फायदा सूत्रात दिसत नाही. वेळापत्रकाप्रमाणे दोन गाड्यांचं क्रॉसिंग वैभववाडीला आहे असं समजा. कुडाळकडे निघालेली गाडी १२ मिनिटं उशिरा धावते आहे, मुंबईकडे जाणारी वेळेवर आहे. मुंबईच्या दिशेने वैभववाडी ते खारेपाटण ८ मिनिटं आणि तिथून राजापूर रोड आणखी ८, हे आकडे फक्त हिशेबापुरते. मधे खारेपाटण नसतं तर मुंबईच्या गाडीला वैभववाडीतच १२ मिनिटं रोखावं लागलं असतं. तिला पुढे राजापूरपर्यंत काढायची म्हटलं, तर उशिराची गाडी तिथे २० मिनिटं खोळंबते. खारेपाटण असल्यामुळे क्रॉसिंग तिथे सरकवता येतं. उशिराची गाडी तिथे ४ मिनिटं थांबते, वेळेवरची जवळजवळ थांबत नाही. १२ मिनिटांचं नुकसान ४वर आलं. मार्गावरच्या गाड्यांची क्रॉसिंगं ठरवणारा सेक्शन कंट्रोलर रात्रभर हेच करत असतो. त्याच्या आलेखात एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. दोन विरुद्ध रेघा स्टेशनाच्या ओळीवरच छेदल्या पाहिजेत, मधे नाही.

मग हवी तिथे स्टेशनं का बांधत नाहीत? क्रॉसिंग स्टेशनाला जवळपास किलोमीटरभर सपाट जागा लागते. यार्डाचा चढ १:४००पेक्षा तीव्र चालत नाही, शिफारस तर १:१२००ची आहे, नाहीतर उभे डबे आपोआप घरंगळतात. कोकणात एवढी सपाटी आयती कुठे मिळणार? एका बाजूला जांभ्याचा कातळ कापायचा, दुसऱ्या बाजूला खाडीकडच्या मऊ मातीत भराव घालायचा. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्याच्या पोटात लूप काढणं हा पर्यायच नाही.

स्कॉटच्या सूत्रातले ते ७० टक्के अनेकांना आळशीपणाचे वाटतात. रूळ रिकामा दिसतो, मग गाडी का सोडत नाहीत? याचं उत्तर रांगांच्या गणितात आहे. ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी १९६१मध्ये दाखवलं की साधन (इथे रूळ) जितकं भरलेलं, तितका प्रतीक्षेचा वेळ सरळ रेषेत न वाढता उसळी घेतो. प्रतीक्षेचा गुणक म्हणजे व्यग्र भाग भागिले मोकळा भाग. साधन ७० टक्के व्यग्र असेल तर तो २.३, ८० टक्क्यांना ४, ९० टक्क्यांना ९. वेळापत्रक पाळणाऱ्या गाड्या बेभरवशी येणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा शिस्तीच्या असल्याने प्रत्यक्ष मिनिटं कमी भरतात, पण उसळीचा आकार तोच राहतो.

पावसाळ्यात हे गणित बिघडतं. दरडींच्या धोक्यामुळे जूनपासून वेगळं, संथ वेळापत्रक लागतं. मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की वेग ताशी ४०वर आणायचा असतो. आपल्या उदाहरणातल्या पट्ट्याला मग १५ऐवजी पावणेएकोणीस मिनिटं लागतात आणि दिवसाची कमाल क्षमता ७२वरून साधारण ६०वर येते. त्याच ५० गाड्यांनी मार्ग आता ८२ टक्के भरला, गुणक ४.७. नेमका याच मोसमात भाद्रपद येतो. तीन जादा गाड्या, येऊन-जाऊन सहा फेऱ्या, घातल्या की ९२ टक्के, गुणक १२. सहा फेऱ्यांनी सगळ्याच गाड्यांचा खोळंबा अडीचपट केला. मग दिव्याहून सुटणाऱ्या नेहमीच्या गाडीतला प्रवासीही वैतागतो, आणि ते रास्तच आहे.

'येऊन-जाऊन' हा शब्द इथे महत्त्वाचा. चतुर्थीआधी सारे चाकरमानी दक्षिणेकडे जातात. परतणारा रेक (डब्यांची माळ) निम्मा रिकामा असला तरी रूळ तेवढाच अडवतो. त्यामुळे नव्या गाडीपेक्षा असलेल्या गाडीला डबे जोडणं मार्गाला स्वस्त पडतं, कारण १६ डब्यांची गाडी २२ची झाली तरी पट्ट्यात ती एकच गाडी. मर्यादा येते ती लूपच्या लांबीची. क्रॉसिंगच्या दोन गाड्यांपैकी निदान एक लूपमध्ये पूर्ण मावलीच पाहिजे. आणि छोट्या स्टेशनांवर फलाट संपल्यावरच्या डब्यांतून बोचकी, मुलं आणि म्हातारी माणसं खडीवर उतरतात.

सगळा मार्ग दुहेरी होईपर्यंत मधला उपाय म्हणजे तुकड्यातुकड्याने दुहेरीकरण. दोन्ही गाड्या ताशी ६०ने धावत असतील, तर एकीला २० मिनिटं उशीर झाल्यास त्यांच्या भेटीची जागा १० किलोमीटर सरकते. म्हणजे १० किलोमीटरचा दुहेरी तुकडा २० मिनिटांची चुकामूक कुणालाही न थांबवता पचवतो. गाडीची लांबी आणि सिग्नलची अंतरं वजा करता थोडी कमी. रोहा-वीरचे ४७ किलोमीटर याच हिशेबाने सुमारे दीड तासाचा उशीर झेलतात. पण तो तुकडा मार्गाच्या टोकाला आहे. रत्नागिरी ते सावंतवाडीच्या दरम्यान जिथे वेळापत्रकातली क्रॉसिंगं एकमेकांजवळ पडतात, तिथे बोगदे टाळून ८-१० किलोमीटरचे तुकडे काढता येतात का, हे जमीन मोजणाऱ्यांनी आणि कंट्रोलरने एकाच टेबलावर बसून ठरवायचं काम आहे.