मोकळा झालेला तास

रात्री झोपताना पाच मिनिटांसाठी फोन हाती घ्यावा आणि पाऊण तास कसा गेला ते कळू नये, असं का होतं? विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत याचं बरंचसं उत्तर आहे. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकरच कळीचा नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो कितीतरी जास्त वेळ कळ दाबत राहतो. समाजमाध्यमांवर एकामागून एक पोस्ट दाखवत जाणारी आपली फीड अशीच आहे. दहा पोस्ट नीरस असतात आणि अकरावी मन सुखावते. ती अकरावी केव्हा येईल ते माहीत नसल्यामुळेच अंगठा थांबत नाही. म्हणून फोन सुटत नाही याचा दोष सगळा स्वतःच्या मनोबलावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग काही दिवस हे सगळं बंद ठेवलं तर? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांच्या तोंडावर अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. सुमारे २,७०० फेसबुक वापरणाऱ्यांपैकी काहींना मोबदला देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाकाठी सरासरी तासभर वेळ वाचला. तो दुसऱ्या ॲपवर गेला असेल, अशी शंका कुणालाही येईल. तसं झालं नाही. ही माणसं घरच्यांना, मित्रांना जास्त भेटली. टीव्हीही जास्त पाहिला. मन थोडं प्रसन्न झालं. थोडंच, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा सुट्टीतून कायापालट होईल असं समजणाऱ्याच्या पदरी निराशा येते. चालू घडामोडींची माहितीही त्यांना कमी राहिली. मला सर्वांत बोलकं वाटतं ते पुढचं: बंदी उठल्यावरही त्यांचा फेसबुकवरचा वेळ आधीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमीच राहिला.

फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. डेन्मार्कमध्ये १,०९५ जणांवर झालेल्या एका आठवड्याच्या प्रयोगात जास्त लाभ झाला तो फेसबुक फार वापरणाऱ्यांना, आणि इतरांचं सुख पाहून ज्यांना हेवा वाटायचा त्यांना. काही प्रयोगांत तर फरकच दिसला नाही. शिवाय दुर्मीळ आजाराशी झुंजणाऱ्याला समदुःखी माणसं याच माध्यमात भेटतात. त्याला सरसकट सुट्टी घ्यायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

पूर्ण बंदी पाळायलाच हवी असंही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला तीन आठवडे समाजमाध्यमांसाठी रोज अर्ध्या तासाची मर्यादा घालून दिली. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. दुसऱ्या गटाला वापर नेहमीसारखाच ठेवायचा होता, फक्त कोणतं ॲप किती वापरलं याची नोंद फोनवरून पाठवायची होती. चिंता आणि ‘आपलं काही हुकतंय’ ही धाकधूक या गटातही कमी झाली.